जांभळी बाटली

३ मार्च

छत्तीस दिवस. दोनदा मोजले.

आठ एप्रिलला लघवीची तपासणी! शिट्टीने आज दुपारी शेडच्या दारावर नोटीस चिकटवली. शिट्टी म्हणजे आमचा सेफ्टीचा साहेब — गळ्यात कायम शिट्टी, जेवतानासुद्धा काढत नाही. साठ टनी नवी क्रेन येतेय. तिच्यावर बसणारा आणि तिच्याखाली उभा राहणारा, दोघांचीही तपासणी. दारू, गांजा, गोळ्या, सगळं बघणार. सापडला तो शेडच्या बाहेर, कायमचा.

एकोणीस वर्षं मी जुनी वीस टनी चालवतेय. सव्वीस पायऱ्यांची लोखंडी शिडी, वर काचेची केबिन, खाली पोलादाच्या प्लेटा. एक ओरखडा कुणाला आला नाही माझ्या हातून. साठ टनी माझीच आहे. दुसरं कोण चालवणार?

पण गेली सहा वर्षं सुटी झाली की शेडच्या मागे जाऊन दोन सिगारेटी ओढते. त्या तंबाखूच्या नसतात.

लिहिलं एकदाचं.

४ मार्च

सगळं मानेपासून सुरू झालं. लोकांना वाटतं क्रेनवर बसलं की मजा, वरून जग बघायचं. कसलं जग! आठ तास आपल्याच दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघायचं. सहा वर्षांपूर्वी मान अशी धरली की वेणी घालताना रडू यायचं. डॉक्टरने गळपट्टा दिला. गळपट्टा घातला की खाली बघता येत नाही. मग मामांनी एक दिवस शेडच्या मागे बोलावलं. म्हणाले, घारबाई, एक दम घे, मान आहे हेच विसरशील. विसरले खरी.

मामा म्हणजे माझा खालचा माणूस. त्यांच्या हाताकडे बघून मी हूक हलवते. बोट वर फिरलं की उचलायचं, खाली फिरलं की सोडायचं, हात आडवा झाला की थांबायचं. शेडमध्ये एवढा ठणठणाट की तोंडाने बोलून उपयोग नाही. एकोणीस वर्षांत आम्ही तोंडाने बोललो त्याच्या शंभरपट हातांनी बोललोय. वर बसते म्हणून मी घारबाई. ते नक्की कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नाही. काडीपैलवान माणूस, बायको नाही, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी दोन ओढेपर्यंत त्यांची एक, तीसुद्धा बोलण्याच्या नादात अर्धी विझलेली.

आज मी मागे गेले नाही. मामा गेले. वरून दिसले.

५ मार्च

फोनवर सापडलं! डिटॉक्स ड्रिंक. "चोवीस तासांत शरीर आतून स्वच्छ." खाली लोकांनी लिहिलंय — आयुष्यभर ओढत होतो, एक बाटली प्यालो आणि पास. दोन बाटल्या मागवल्या. एक मला, एक मामांना. महाग आहे, पण क्रेनपेक्षा नाही.

तरी ओढणं बंद म्हणजे बंद. बाटली असली तरी. एकदा ठरवलं की ठरवलं.

७ मार्च

पार्सल नेमकं नवऱ्याच्या दुकानात गेलं. शिलाईचं दुकान आमच्या खोलीच्या खालीच, पोस्टवाला जिना चढायचा कंटाळा करतो. नवऱ्याने उघडून बघितलं आणि संध्याकाळी विचारतो, एवढा जांभळा रंग कुठल्या कापडाला द्यायचाय?

मी म्हटलं, औषध आहे. मानेचं.

तो सुईत दोरा ओवत होता. वर न बघता म्हणाला, "सहा वर्षं तुझे कपडे माझ्या हातातून जातायत. माझं नाक काय गहाण पडलंय?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सहा वर्षं माहीत होतं याला! कधी एक शब्द नाही. का नाही बोललास म्हणून विचारलं, तर म्हणे, तुझी मान दुखायची ते बघवत नव्हतं, आणि तू ऐकतेस कुणाचं. मग नोटिशीचं सांगितलं. छत्तीसातले चार गेले हेही सांगितलं. त्याने दोरा तोडला आणि म्हणाला, बत्तीस राहिले मग. एवढंच.

८ मार्च

मामांना बाटली दिली. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचत बसले. मग म्हणाले, मला कशाला गं हे. मी म्हटलं, नखरे नकोत. तपासणीच्या सकाळी पूर्ण बाटली प्यायची, मग तीच बाटली दोनदा पाण्याने भरून तेही प्यायचं. मी माझी आधी पिऊन बघते. लागू पडली की सांगते.

मामा म्हणाले, "वरून इशारा आला की पितो."

दर वेळी ते खालून इशारा देतात आणि मी वर ऐकते. एकदा उलटं झालं म्हणून दोघं हसलो. बाटली त्यांनी जास्तीच्या सदऱ्यात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवली.

१० मार्च

झोप नाही. घामाने चादर ओली. स्वप्नात हूक नुसता खाली जातोय, खाली जातोय, जमीनच येत नाही. मान ठणकतेय. ओढणार नाही.

१२ मार्च

धाकटी आली होती. माझी बहीण, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं दुसऱ्यांच्या लघव्या तपासतेय. हिलाच आधी विचारायला हवं होतं, पण हिला विचारलं की आधी अर्धा तास बोलणी खावी लागतात. खाल्ली. ते झाल्यावर मी बाटली दाखवली. तिने मागचं लेबल वाचलं आणि अशी हसली की खालून नवऱ्याने हाक मारून विचारलं काय झालं.

म्हणाली, ताई, हे साखरपाणी आहे. त्यात रंग, जीवनसत्त्वं आणि भरपूर पाणी. गांजा चरबीत जाऊन बसतो आणि तिथून थोडा थोडा निघतो. रोज ओढणाऱ्याचा महिना, कधी त्याहून जास्त. त्याला घाईला लावणारं पेय अजून कुणी बनवलेलं नाही. "तुझ्याकडे तर साठवायला जागाही भरपूर आहे," वर हेही! मी म्हटलं, मग लोक पास होतात ते कसे? तर म्हणे, काही लोक असेही पास झाले असते. आणि काही जण एवढं पाणी पितात की लघवीत पाण्याशिवाय काही राहतच नाही. पण प्रयोगशाळावाले दूधखुळे नसतात. नमुना किती पातळ आहे ते आम्ही आधी बघतो.

मग नोटिशीचा फोटो मागितला. मी तर वरच्या तीनच ओळी वाचल्या होत्या. चौथं कलम — नमुना पातळ आढळल्यास त्याच दिवशी पुन्हा घेतला जाईल, दुसराही पातळ असल्यास नापास समजण्यात येईल. पाचवं — तपासणी चुकवण्यासाठी काही घेणारा किंवा दुसऱ्याला देणारा, दोघांनाही कामावरून काढण्यात येईल.

देणारा! मामांची बाटली तर मी देऊन बसले होते.

तरी मी हट्टाला पेटले. म्हटलं, तू पुस्तकातलं सांगतेस, माणसांनी अनुभव लिहिलेत. ती म्हणाली, पैज. लघवी तपासायच्या पट्ट्या मी देते. परवा सुटी आहे ना सकाळची, बाटली पी, दुपारी तपास. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तपास. मग बोल.

१४ मार्च

सकाळी उठल्या उठल्या पहिली पट्टी. एकच रेष. हे उलटंच आहे जरा, म्हणून लिहून ठेवते — एक रेष म्हणजे गांजा आहे, दोन रेषा म्हणजे नाही.

नऊला बाटली. चव म्हणजे खोकल्याच्या औषधात साबण. मग पाण्याच्या दोन बाटल्या. बाराला दुसरी पट्टी — दोन रेषा! दुसरी फिकी होती, पण होती. धाकटीने सांगितलंय, फिकी असली तरी धरायची. आरशात बघितलं तर जीभ जांभळीभडक. त्या जिभेनेच स्वतःला शाबासकी दिली.

दुपारच्या पाळीला गेले. पिशवीतून पट्टी बरोबर नेली होती, जशी काही परीक्षेची गुणपत्रिका. केबिनमध्ये बसले, मामांनी खालून मान वर केली, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा दाखवला. चांगला मोठा, दोनदा. मामांना कळलं. त्यांनीही अंगठा दाखवला आणि मग प्लेटांना साखळ्या लावायला वळले.

धाकटीला फोन केला, हरलीस म्हटलं. ती म्हणाली, उद्या सकाळी बोलू.

१५ मार्च

एक रेष.

एकच. अगदी कालच्यासारखी, अगदी तशीच. धाकटीने हसून घेतलं नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, काल तू काही साफ केलं नाहीस ताई, नुसतं पाणी ओतलंस. आणि कालचा नमुना आमच्याकडे आला असता तर आम्ही पातळ म्हणून बाजूला काढला असता.

म्हणजे औषध एकच — दिवस. बारा झाले. चोवीस राहिले. पुरतील का? ती म्हणते, सांगता येत नाही, पण ओढू नकोस, नेहमीसारखं जेव, नेहमीएवढंच पाणी पी, बाकी काही थेरं करू नकोस.

करून दाखवते. माझ्या मनगटात वीस टन आहेत, मला दोन सिगारेटी झेपत नाहीत की काय!

मामांना सांगायला हवं. अंगठा परत घ्यायला हवा. उद्या.

१६ मार्च

मामा आज दुसऱ्या शेडला होते. उद्या.

१८ मार्च

आज माझं तोंड फाटलं.

चार रात्री झोप नाही, मान जळतेय, आणि मामांचा इशारा मला नीट दिसला नाही. प्लेट थोडी फिरली. कुणाला लागली नाही, पण फिरली. मी केबिनचं दार उघडून सगळ्यांसमोर ओरडले — "हात नीट हलवा, नाहीतर घरी बसा आता!"

नेमकी तेव्हा शेडमधली सगळी यंत्रं बंद होती. प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

मामांनी वर बघितलं. मग हात आडवा केला — थांब. दोन मिनिटं तसाच धरला. नियम आहे, दुसरा इशारा येईपर्यंत पहिला खरा. मी दोन मिनिटं गप्प बसून राहिले, सगळं शेड बघत होतं. चूक माझी होती का त्यांची, अजून ठरवता येत नाही. शब्द मात्र माझे होते.

१९ मार्च

मामा बोलत नाहीत. मीही नाही. कामाचे इशारे तेवढे चालू.

२१ मार्च

जुन्या पर्सच्या अस्तरात एक पुडी सापडली. अख्खी! हातात घेऊन न्हाणीघराच्या पायरीवर बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. वास आला तसं तोंडाला पाणी सुटलं, मानसुद्धा आपोआप सैल पडली, अजून ओढलंही नव्हतं तरी. मग संडासात टाकली आणि पाणी सोडलं. मेली वर तरंगत आली. परत सोडलं, परत वर! तिसऱ्यांदा बादलीभर ओतलं तेव्हा गेली. नंतर एकटीच हसत बसले, मग रडले थोडी.

अठरा दिवस.

२४ मार्च

नवऱ्याने एक वस्तू शिवलीय. जाड तंबूचं कापड, आत लोकर, घोड्याच्या नालाच्या आकाराची. खांद्यांवर बसते, हनुवटी तिच्यावर टेकवायची आणि खाली बघायचं. तीन वेळा माप घेतलं, दोनदा उसवलं. म्हणे, डॉक्टरने दिलेला पट्टा मान वर ठेवायला होता, तुला तर खाली बघायचंय, हे त्याच्या डोक्यात कसं आलं नाही?

आज आठ तास घालून बसले. संध्याकाळी मान दुखत होती, पण माणसासारखी. सहा वर्षांत हे कुणाला सुचलं नाही! मला तरी कुठे सुचलं. मी मागे जाऊन धूर काढत होते.

२६ मार्च

आठ दिवस झाले अबोल्याला. मामा रोज सुटी झाली की मागे जातात. वरून दिसतं, शेडला वळसा घालून नेहमीच्या जागी. म्हणजे ओढतायत. बाटलीच्या भरवशावर. माझ्या अंगठ्याच्या भरवशावर.

इशाऱ्यांत सगळं सांगता येतं, डावीकडे घे, हळू, वीतभर सोड. ती बाटली पिऊ नका, याला इशारा नाही. त्याला तोंड लागतं, आणि तोंड उघडायचं तर आधी माफी मागायला हवी. आधी ते बोलले तर काय बिघडेल? मोठे आहेत ते. आणि मी काय उगाच ओरडले का — प्लेट फिरली होती!

नवरा म्हणतो, दोघंही सारखेच, गुळाचा गणपती तरी बरा, विरघळतो. मी म्हटलं, तू शिव.

३० मार्च

दोन रेषा!!

सकाळची पहिली, गडद पिवळी, एक थेंब जास्तीचं पाणी न पिता. सत्तावीस दिवस. दुसरी रेष केसाएवढी, पण खरी. धाकटीला फोटो पाठवला. तिने उत्तरात लिहिलं, आता कुठे शोभलीस माझी ताई. नवऱ्याने पट्टी उजेडात धरून बघितली, टाका तपासतात तशी.

कुणीतरी अजून आहे ज्याला हे सांगायला पाहिजे. कालपर्यंत मागेच जात होते मामा.

२ एप्रिल

दोन रेषा. आता दोन्ही सारख्या. एक पट्टी शिल्लक.

५ एप्रिल

आज ठरवून लॉकरपाशी थांबले. मामा आले, लॉकरमधून जास्तीचा सदरा काढला, त्यात गुंडाळलेली बाटली दिसली. मी म्हटलं, मामा. ते वळले. एवढ्यात शिट्टी आला, हेल्मेटचे पट्टे तपासायला. पाचवं कलम डोळ्यांपुढे आलं — देणारासुद्धा. मी म्हटलं, नीट झोपा म्हणजे झालं.

मामा म्हणाले, तूसुद्धा.

तेवढ्यावर अबोला सुटला म्हणायचा. पण सांगायचं राहिलंच. अजून दोन दिवस आहेत.

७ एप्रिल

मामांची आज सुटी. त्यांच्या खोलीवर जाऊन सांगता आलं असतं. बस पकडायची, वीस मिनिटं. स्टॉपपर्यंत गेलेही. मग म्हटलं, एवढे दिवस ओढत राहिले तर आता बाटली प्याले काय, न प्याले काय, सापडणारच. आपण सांगून काय फरक पडणार. परत फिरले.

हे लिहिताना बरं वाटत नाही. झोपते. उद्या माझा दिवस आहे.

८ एप्रिल

दिला नमुना. नर्सने बाटलीवर माझा अंगठा घेतला, सही घेतली. भीती वाटली नाही.

मामा रांगेत माझ्या पुढे चौथे होते. मी पोचले तेव्हा ते दारापाशी होते. मला बघून हसले, आणि दात जांभळे. जीभ जांभळी.

आमच्या कामात एक नियम आहे. बाकीचे इशारे फक्त मामांचे मानायचे. पण थांबचा इशारा कुणीही देऊ शकतो, झाडूवालासुद्धा, आणि तो पाळायचाच. माझा हात वर झाला होता. खरंच झाला होता, खांद्यापर्यंत. मामा, आज नको, पोटात दुखतंय म्हणा, उद्या या — एवढं तरी कळलं असतं त्यांना. शिट्टी माझ्याकडे बघत होता. मी तोच हात मानेवर नेला आणि मान खाजवली.

मामा आत गेले. दोन तासांनी त्यांना परत बोलावलं.

१२ एप्रिल

पास.

मामा नापास. दोन्ही नमुने पातळ. कलम चार.

१३ एप्रिल

शिट्टीने मामांना खोलीत बसवून विचारलं, काय प्यालात, कुणी दिलं. मामांनी सांगितलं, रस्त्यावर घेतलं, माणूस आठवत नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. शेडमध्ये सगळ्यांना कळलंय. कुणी म्हणालं, म्हातारा मागे जाऊन बसायचा ते काय उगाच? मी ऐकलं आणि हूं म्हटलं. हूं म्हटलं मी!

संध्याकाळी त्यांनी लॉकर रिकामा केला. सदरा, डबा, हातमोजे. माझ्याजवळून जाताना थांबले. वाटलं, आता बोलतील, बोलावंच. तर म्हणाले, "चव भयंकर होती गं."

आणि गेले.

१६ एप्रिल

साठ टनी. आज पहिल्यांदा बसले. खुर्ची फिरते, काच पायाखालीही आहे, मान अर्धीच वाकवावी लागते. एवढी वर्षं हेच तर हवं होतं. खाली नवा माणूस आहे, त्याचे हात चांगले आहेत, स्पष्ट. मी दर वेळी अर्धा क्षण उशिरा हलते. त्याने दोनदा वर बघितलं, काही चुकतंय का म्हणून.

घरी येऊन जेवले नाही. नवऱ्याने विचारलं, मामांकडे गेलीस का? मी म्हटलं, काय तोंड घेऊन जाऊ. तो म्हणाला, जे आहे तेच.

१९ एप्रिल

मामांकडे जाऊन आले. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगून टाकलं — पट्टीचं, पंधरा तारखेचं, न परत घेतलेल्या अंगठ्याचं, वर गेलेल्या हाताचं. मग म्हटलं, पण मामा, तुम्ही थोडं तरी थांबवायचं होतं ओढणं.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "नोटीस लागली त्या दिवसापासून एक दम घेतला नाही मी."

मग रोज मागे कशाला जायचात?

"सवयीने. तू येशील म्हणून बसायचो."

मग ती बाटली का प्यालात?

"तू अंगठा दाखवला होतास ना."

पिशवीत एक पट्टी उरली होती. ती दिली. मामा न्हाणीघरात जाऊन आले आणि माझ्या हातावर ठेवली. दोन रेषा, दोन्ही ठळक.

पट्टी रुमालात गुंडाळून आणलीय. उद्या सातला, शिडी चढायच्या आधी, शिट्टीच्या खोलीत जाणार. पाचवं कलम मला पाठ आहे.